रखवालदाराचें पूर्वचरित्र

पौष पौर्णिमेच्या सुमारास मुरबाड तालुक्यांतील म्हसा या गांवीं जी यात्रा भरते, तिची कीर्ति ठाणें जिल्ह्याबाहेरहि पोहोंचलेली आहे. म्हसोबाचें दर्शन हें यात्रेचें निमित्त. परंतु तिचें खरें वैभव म्हणजे तेथील बैलबाजार. कांहीं वर्षांपूर्वीं या बाजारांत एक रात्र काढण्याचा प्रसंग आम्हांस आला. थंडी कडक होती. एका बैलवाल्याच्या शेकोटीपाशीं आम्ही बसलों असतां त्यानें आपल्या जनावरांची राखण एका मध्यम वयाच्या मनुष्यावर सोंपविली व स्वतः घोंगडी पांघरून तो आडवा झाला. माणूस तुमच्या घरचा काय, असें आम्हीं सहज विचारलें. त्यानें घोंगडींतूनच उत्तर दिलें, "घरचा कुठला? जनावराच्याच चोरीपायीं सहा महिने आंत बसून आलेला आहे. बारा वर्षें झालीं त्याला. तो जागा आहे, म्हणून तर मी निजतों."

पुढें रात्रभर त्या जागणाऱ्या मनुष्याशीं आमचें बोलणें झालें. कल्याणकडे मोठमोठ्या वसाहती उठल्या, तेव्हां गांवांतल्या इतर तरुणांबरोबर तोहि रखवालदारीच्या नोकरीसाठीं एका कंपनीच्या दारीं गेला होता. तेथें पोलिसांकडील चारित्र्याचा दाखला मागितला गेला आणि तेथेंच गोष्ट संपली. बरोबरीचे चौघे गणवेष चढवून उभे राहिले. हा परत आला, आणि तेव्हांपासून वर्षांतून एकदां म्हशाच्या बाजारांत, व एरवीं कोणा शेटजीच्या मळ्यावर, तो दाखल्यावांचून तेंच काम करीत आला आहे. त्याच्या बोलण्यांत कडवटपणा नव्हता. तो फक्त एवढेंच म्हणाला, "सहा महिन्यांची शिक्षा सरकारनें सांगितली होती. ती मी भोगली. उरलेली कुणी सांगितली तें मला ठाऊक नाहीं."

ही उरलेली शिक्षा कोणीं सांगितली, या प्रश्नाचें उत्तर देणें हा या लेखाचा हेतु आहे.

प्रतिपक्षाचें म्हणणें आम्ही प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडतों. रखवालदार म्हणजे ज्याच्या हातीं आपण घराच्या किल्ल्या, मुलांचे येण्याजाण्याचे वेळ, एकट्यादुकट्या स्त्रियांचें सुखदुःख सोंपवितों तो मनुष्य. इ. स. २०१२ सालीं मुंबईंत वडाळा येथें एका तरुण वकील स्त्रीचा तिच्याच इमारतीच्या रखवालदारानें खून केला, तेव्हां ज्यांनीं मुलींना शहरांत एकट्या राहावयास पाठविलें होतें अशा शेंकडों घरांतील आईबापांची झोंप उडाली. ती भीति खोटी नव्हती. कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावी? म्हणून दारावरचा माणूस निष्कलंक असावा, ज्याचें नांव एकदां न्यायालयाच्या दप्तरांत दोषी म्हणून लागलें त्याला त्या दारापाशीं उभेंच करूं नये, हें म्हणणें ऐकतांक्षणींच पटण्यासारखें आहे. आमच्या मतें तें ऐकतांक्षणींच पटतें हाच त्यांतला मोठा दोष होय; कारण त्यामुळें तें तपासून पाहण्याचे श्रम कोणी घेतले नाहींत.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. खासगी सुरक्षा संस्थांच्या नियमनाचा कायदा संसदेनें इ. स. २००५ सालीं केला व तो १४ मार्च २००६ पासून अंमलांत आला. परवान्यावांचून असा धंदा करूं नये, रखवालदार अठरा वर्षांच्या आंतला किंवा पासष्टीच्या पुढचा नसावा, त्यास शिक्षण मिळालेलें असावें, असे पुष्कळ शहाणपणाचे नियम त्यांत आहेत. केंद्र सरकारच्या नमुना नियमांप्रमाणें हें शिक्षण १०० तास वर्गांत व ६० तास प्रत्यक्ष कामावर असें द्यावयाचें आहे. येथवर आमची कांहीं तक्रार नाहीं. परंतु कलम १० च्या दुसऱ्या पोटकलमांत असें सांगितलें आहे कीं, ज्यास कोणत्याहि सक्षम न्यायालयानें दोषी ठरविलें असेल त्याला रखवालदार अथवा पर्यवेक्षक म्हणून कामावर ठेवूं नये. गुन्हा कोणता, शिक्षा किती, तिला वर्षें किती झालीं, यांपैकीं एकहि शब्द तेथें नाहीं. दोषी ठरला, संपलें.

हेंच कडक सोंवळें कायद्यानें सर्वांना सारखें लावलें असतें, तर निदान समतेचें श्रेय तरी त्यास देतां आलें असतें. पण त्याच कायद्याचें कलम ६ वाचकांनीं जवळ ठेवून पाहावें. रखवालदारांची संस्था चालविण्याचा परवाना कोणास देऊं नये, हें त्यांत सांगितलें आहे. कंपनीच्या कारभारांतील लबाडीबद्दल दोषी ठरलेला, दिवाळखोर, बंदी असलेल्या संघटनांशीं संबंध ठेवणारा, सरकारी नोकरींतून गैरवर्तनास्तव काढलेला, हे त्यांत येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु इतर गुन्ह्यांविषयीं मालकास अपात्र ठरविण्यासाठीं कायदा म्हणतो कीं, त्या गुन्ह्यास दोन वर्षांहून कमी नाहीं अशी कैद विहित असली पाहिजे. म्हणजे जो शेंकडों रखवालदार नेमणार, ज्याच्या तिजोरींत शेंकडों घरांच्या किल्ल्यांची नोंद राहणार, त्याच्या पूर्वचरित्रांतील लहान डाग कायदा उदारपणें पुसून टाकतो. आणि जो बारा तास दारापाशीं काठी घेऊन उभा राहणार, त्याचा दंडाच्या पावतीएवढा डागहि मरेपर्यंत धुतला जात नाहीं! धन्यास चाळणी व चाकरास वस्त्रगाळ, हा न्याय कोणत्या स्मृतींतला?

दंडाची पावती हा शब्द आम्हीं अतिशयोक्तीनें वापरलेला नाहीं. मुरबाड व शहापूर या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यांत ज्यांनीं चार दिवस काढले आहेत त्यांना ठाऊक आहे कीं, तेथील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वगैरे लोकांचा न्यायालयाशीं जो संबंध येतो तो बहुधा कशापायीं येतो. मोहाची दारू गाळली म्हणून १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं, सरपण किंवा लांकूड आणलें म्हणून १९२७ च्या जंगल कायद्याखालीं, पत्त्यांचा डाव मांडला म्हणून १८८७ च्या जुगाराच्या कायद्याखालीं. वकील द्यावयास पैसा नसतो, आणि तारखेमागून तारखा म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणून मनुष्य उभा राहून 'कबूल' म्हणतो, दंड भरतो आणि घरीं येतो. त्या वेळीं त्यास असें वाटतें कीं, दोनचारशें रुपयांत प्रकरण मिटलें. वास्तविक त्या एका शब्दानें त्यानें काय गमावलें हें त्याला न्यायाधीश सांगत नाहीं, पोलीस सांगत नाहीं, आणि कायदाहि सांगत नाहीं. तें त्याला दहा वर्षांनीं कल्याणच्या कचेरींत कळतें.

शिवाय आपल्याच नव्या दंडविधानानें काय केलें आहे? १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत असें सांगितलें आहे कीं, पांच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी प्रथमच केलेला मनुष्य ती वस्तु वा तिची किंमत परत करील, तर त्यास समाजसेवेची शिक्षा द्यावी. म्हणजे एक कायदा म्हणतो, या मनुष्याला तुरुंगांत घालण्याचेंहि कारण नाहीं, त्याच्याकडून समाजाची कांहीं सेवा करून घ्या म्हणजे झालें. दुसरा कायदा म्हणतो, समाजानें या मनुष्याकडून दाराची राखण करण्याचीहि सेवा कधीं घेऊं नये. दोन्ही कायदे एकाच संसदेचे आहेत.

आतां कोणी म्हणेल, कायद्यांत विसंगति असेल. परंतु चोराच्या हातीं किल्ल्या देण्याची ही कल्पना तरी कोठली? त्यांस आमचें उत्तर असें कीं, ती आमची नव्हे, ती या महाराष्ट्राची आहे. आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेंत गांवाचा जागल्या अनेक ठिकाणीं रामोशी अथवा भिल्ल असे. चोरी झाली तर त्यानें चोराचा माग काढावयाचा. माग दुसऱ्या गांवाच्या शिवेंत गेला तर तेथील जागल्यानें तो पुढें चालवावयाचा. माग लागला नाहीं तर नुकसानीची जबाबदारी राखणदारावर यावयाची. पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनसाहेबानें इ. स. १८१९ सालीं जो प्रसिद्ध अहवाल लिहिला त्यांत या पद्धतीचें वर्णन आहे. पुण्यांत तर इंग्रजी अंमलांतहि मोठे गृहस्थ आपल्या वाड्यावर रामोशी ठेवीत. ज्या उमाजी नाइकाला इंग्रजांनीं ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास फांसावर चढविलें, त्यालाहि मध्यंतरीं माफी देऊन त्यांनीं चाकरीस घेतलेंच होतें. खानदेशांत औट्रमनें १८२५ सालीं भिल्लांची पलटण उभारली ती लूटमार करणाऱ्या टोळ्यांतील माणसांचीच; आणि ज्या वाटा त्या लोकांनीं लुटल्या त्याच त्यांनीं पुढें राखल्या. १८५७ सालीं नटॉल नांवाच्या कप्तानानें सह्याद्रीच्या कोळ्यांची पलटण उभारली, ती १८६१ पर्यंत टिकली. त्यापूर्वीं नऊच वर्षें, २ मे १८४८ रोजीं, त्याच कोळ्यांचा पुढारी राघोजी भांगरे ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं गेला होता.

यावर जाणता प्रतिपक्षी एक मार्मिक आक्षेप घेईल, आणि तो टाळून पुढें जाणें आम्हांस शोभणार नाहीं. तो म्हणेल, रामोशाचा पगार हा पगार नव्हताच. ती खंडणी होती. त्याला ठेवला नाहीं तर चोरी होणार, म्हणून तो ठेवावयाचा. विलायतेंत जोनाथन वाइल्ड नांवाचा मनुष्य चोर पकडून देण्याचा धंदा करी आणि ते चोर त्याचेच असत; तें उघडकीस आल्यावर इ. स. १७२५ सालीं त्यास फांशीं देण्यांत आलें. हा आक्षेप खरा आहे. चोरांच्या टोळीला मक्ता देणें म्हणजे चोरीवर कर बसविणें होय. पण यावरून निष्पन्न काय होतें? वाइल्डला फांस लागला तो त्याचें पूर्वचरित्र वाईट होतें म्हणून नव्हे, तर चालू चरित्रावर कोणाचीच नजर नव्हती म्हणून तो इतकीं वर्षें निभावला. उलट गांवच्या जागल्याची व्यवस्था जेथें नीट चालली तेथें ती दोन गोष्टींवर चालली: माणूस तोंडओळखीचा होता, आणि जबाबदारी त्याच्या अंगाला लागलेली होती. राखणदाराविषयीं खरी हमी याच दोन गोष्टींत आहे. पूर्वींचा दाखला ही त्या हमीची जागा घेऊं शकत नाहीं. ज्यानें आजवर गुन्हा केलेला नाहीं त्याच्याजवळ कोरा दाखला असणारच. प्रत्येक गुन्हेगाराजवळ पहिल्या गुन्ह्याच्या आदल्या दिवशीं तो असतोच.

आणि पूर्वचरित्रावरून मनुष्याचा कायमचा निकाल लावण्याचा प्रयोग आपल्याकडे झालेला नाहीं असें थोडेंच आहे! इ. स. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासहि लागू झाला, आणि मनुष्य जन्मतःच गुन्हेगार ठरूं लागला. हजेऱ्या, परवाने, सोलापूरसारख्या ठिकाणच्या तारेच्या कुंपणाआंतल्या वसाहती, हें सर्व त्या तर्काचें फळ. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा गेला. रामोशी, कैकाडी, भामटा वगैरे जमाती तेव्हांपासून विमुक्त म्हणविल्या जातात. पण नांव विमुक्त झालें म्हणजे संशय विमुक्त होतो असें नाहीं. अट्टल गुन्हेगारांच्या नोंदींचे कायदे त्या जागीं आले, आणि त्यांचा रोंख जुन्याच लोकांवर राहिला. तुरुंगांतील जातिभेदाच्या खटल्यांत ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयास या विमुक्त जमातींवरील जुन्या कलंकाची दखल पुन्हां घ्यावी लागली. ज्या वस्तींत चोरीच्या दुसऱ्या दिवशीं पोलीस प्रथम जातो, त्या वस्तींत दोषी ठरलेल्यांची संख्या अधिक असणार हें सांगावयास गणिती नको. अशा स्थितींत 'दोषी ठरलेला नको' हा नियम दिसावयास सर्वांना सारखा, पण पडावयास कांहीं वस्त्यांवरच पडतो.

बरें, या बंदीनें आपलीं दारें तरी सुरक्षित झालीं काय? २००५ चा कायदा रखवालदार पुरविणाऱ्या संस्थांना बांधतो. जो गृहस्थ स्वतःच आपल्या बंगल्यावर माणूस ठेवतो त्याला तो विचारीत नाहीं. मुरबाड व शहापूर भागांत मुंबईकरांचे जे फार्महाउस उभे राहिले आहेत, त्यांच्या राखणीस गांवचाच माणूस असतो. तेव्हां ज्याला संस्थेच्या दारांतून परत पाठविला तोच मनुष्य दुसऱ्या दिवशीं बंगल्याच्या फाटकावर उभा राहूं शकतो: शिक्षणावांचून, नोंदीवांचून, ठराविक पगारावांचून आणि भविष्यनिर्वाह निधीवांचून. कायद्यानें त्याला राखणीतून दूर केलेंच नाहीं. त्यानें फक्त त्याला नजरेंतून दूर केलें. ज्याच्यावर अधिक नजर हवी असें आपण म्हणतों, त्याच्यावरूनच ती काढून घ्यावयाची, याला शहाणपण म्हणावें कीं काय?

मग करावयाचें काय? पहिली गोष्ट, गुन्ह्यागुन्ह्यांत भेद करा. विश्वासघातानें चोरी, दरोडा, खून, स्त्रियांवरील व मुलांवरील अत्याचार, या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यास घरांच्या दारापासून दूर ठेवण्यास आमची पूर्ण संमति आहे. त्यांतील कांहींना कायमचें ठेवावें असेंहि आम्ही म्हणूं. पण दारू, जंगल, जुगार यांतील दंडाला त्या पंक्तीस बसवूं नका. दुसरी गोष्ट, काळाला कांहीं किंमत द्या. इंग्लंडांत २००१ सालच्या कायद्यानें जें अधिकारमंडळ स्थापन झालें तें परवाना देतांना गुन्ह्याचें गांभीर्य, शिक्षा व तिच्यानंतर लोटलेलीं वर्षें हीं सर्व पाहतें, अर्जदाराचें म्हणणें ऐकतें, आणि नकाराविरुद्ध न्यायालयाकडे जाण्याची वाट ठेवतें. शिवाय ठराविक काळानंतर जुना गुन्हा पुसला गेला असें मानण्याचा कायदा त्या देशांत १९७४ पासून आहे. आपल्याकडे अल्पवयीनांना आणि १९५८ च्या कायद्याखालीं परिवीक्षेवर सोडलेल्यांना अशी सवलत आहे; मग ज्यानें शिक्षा भोगून दहा वर्षें सरळपणें घालविलीं त्यानेंच काय पाप केलें? तिसरी गोष्ट, मालकाला व चाकराला एकच माप लावा. माप कोणतें तें ठरवितांना मालकाचें कडक करा अगर चाकराचें सैल करा, पण दोन ठेवूं नका.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्यासाठीं विलायतेकडे पाहण्याची गरज नाहीं. महाराष्ट्रानें १९८१ सालींच खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचा व कल्याणाचा कायदा केला, आणि बृहन्मुंबई व ठाणें जिल्हा यांसाठीं सुरक्षा रक्षक मंडळ स्थापन झालें. रखवालदाराची नोंद मंडळाकडे, नेमणूक मंडळाकडून, पगार मंडळाच्या हातून, ही त्या योजनेमागील कल्पना. तिच्यांतून सूट मिळविण्याची वाट त्याच कायद्याच्या कलम २३ मध्यें ठेवलेली आहे, हें तिचें दुर्दैव. परंतु जुन्या जागल्याच्या व्यवस्थेंतील ज्या दोन गोष्टी आम्हीं वर सांगितल्या, तोंडओळख आणि जबाबदारी, त्या आजच्या काळांत कोठें सांपडण्यासारख्या असतील तर अशा मंडळाच्या दप्तरांतच. पूर्वीं दोषी ठरलेल्या मनुष्यास प्रथम गोदामावर, कारखान्याच्या फाटकावर, दुसऱ्या रखवालदाराच्या सोबतीनें नेमावें. त्याच्या कामाची नोंद ठेवावी. आणि कांहीं वर्षें ती स्वच्छ राहिली तर त्याला इतरांच्या बरोबरीस आणावें.

ही दया नव्हे, हा हिशेब आहे, हें आम्हांस पुन्हां सांगावेंसें वाटतें. ज्याला सरळ कामाचे सर्व रस्ते बंद केले त्याच्याकडे वांकड्या कामाचा रस्ता उघडाच असतो. औंध संस्थानांत १९३९ च्या सुमारास राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं मॉरिस फ्रीडमन यांच्या सल्ल्यानें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंत नाहीं, कुलूप नाहीं. खुनाच्या शिक्षेचे कैदी तेथें शेती करीत. व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं त्या प्रयोगावर चित्रपट काढला, आणि आपण मध्यमवर्गीयांनीं तो डोळे पुसत पाहिला, अजूनहि पाहतों. वाल्या कोळ्याची कथा तर आपण नातवंडांना सांगतों, आणि त्याचा वाल्मीकि झाला तेथें आल्यावर आपला आवाज भरून येतो. पण त्याच वाल्यानें उद्यां आपल्या सोसायटीच्या फाटकावर नोकरी मागितली, तर आपला चिटणीस त्याला प्रथम पोलीस ठाण्यांतून दाखला आणावयास सांगेल, आणि कोणालाहि त्यांत कांहीं चुकलें असें वाटणार नाहीं.

म्हशाच्या त्या बैलवाल्याजवळ कायदा नव्हता, दाखला नव्हता. त्याच्याजवळ बारा वर्षांची ओळख होती. आणि स्वतः दोन हातांवर निजण्याची तयारी होती. आपण दारावरच्या माणसाचें नांवहि बहुधा विचारीत नाहीं. तो बारा तास उभा राहतो कीं चौदा, त्याला काय मिळतें, संस्था त्यांतून काय कापते, याची चौकशी करीत नाहीं. मात्र त्याच्या पूर्वचरित्राचा कागद आपल्याला कोरा हवा. तो कागद आपण मागतों तो माणसाला ओळखण्यासाठीं नव्हे, तर त्याला ओळखण्याचे श्रम वांचावे म्हणून. त्या जागणाऱ्या मनुष्यानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तेंच आहे. उरलेली शिक्षा न्यायाधीशानें सांगितली नाहीं; ती आपण, आपल्या सोयीसाठीं, सांगितली आहे. कलम १० दुरुस्त करणें हें संसदेचें काम आहे. परंतु आपल्या दारावरच्या माणसाचें नांव विचारण्यासाठीं कोणत्याहि दुरुस्तीची वाट पाहावयास नको.